अंगणवाडी म्हणजे फक्त खिचडी नाही! ग्रामसभेत हे पटवून कसं सांगाल?

तिसगाव (ता. पाथर्डी) : ग्रामसभेत रस्ता, पाणी, घरकुल यावर तासभर चर्चा होते. अंगणवाडीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, "तिथं पोरं खिचडी खातात अन् घरी येतात." झालं, विषय तिथंच संपतो. हा विषय पुढं न्यायचा असेल तर नेमकं काय बोलायचं, ते पाहू.

आधी माहिती पक्की करा

अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या सहा सेवांपैकी पोषण आहार ही एक. ३ ते ६ वर्षांच्या मुलांचं पूर्वशालेय शिक्षण ही दुसरी, तीही तितकीच हक्काची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर ३ ते ८ वर्षं हा शिक्षणाचा एकच टप्पा मानला आहे. म्हणजे आधीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून पाया. अंगणवाडीत शिकणं झालं नाही, तर लेकरू पहिलीत कच्चंच बसतं.

धोरणाचं नाव कमी, लेकराचं उदाहरण जास्त

"मेंदूचा विकास" म्हटलं की लोक मोबाईल काढतात. त्यापेक्षा असं सांगा : चिंचोके आणि खडे वेगळे करणारं पोरगं गणिताची तयारी करतंय. गोष्ट ऐकून पुढं काय झालं ते सांगणारी पोरगी वाचनाची तयारी करतेय. "पाटी-पेन्सिल कुठंय?" असं कुणी विचारलं तर सांगा, तीन वर्षांच्या बोटांना आधी मणी ओवू द्या, माती मळू द्या, अक्षर त्यानंतर.

सांगण्यापेक्षा दाखवा

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पानं, फुलं, खडे, शिंपले हेच साहित्य. आई-बापाच्या डोळ्यांसमोर लेकरू शिकू लागलं. तुम्हीही सरपंच आणि सदस्यांना एक दिवस अर्धा तास अंगणवाडीत बसायला बोलवा. भाषणापेक्षा ते जास्त पटतं.

आई-बापाला दोष देऊ नका

आपल्या तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. पोरं सोबत जातात, कारण मागं सांभाळायला कुणी नसतं. अशा घराला "तुम्हाला पोरांची काळजी नाही" म्हणालात, तर तो माणूस पुन्हा ऐकणार नाही. त्याऐवजी विचारा, "लेकरू आजीजवळ राहिलं तर कुणाचा आधार लागेल?" सोबत न्यावंच लागलं, तर जाण्याआधी अंगणवाडी सेविकेला भेटा आणि पोहोचल्यावर तिथल्या अंगणवाडीत नाव नोंदवायला सांगा.

मागणी एकच ठेवा

"अंगणवाडी सुधारा" म्हटलं तर कुणीच जबाबदारी घेत नाही. "खेळणी आणि चित्रांची पुस्तकं अमुक तारखेपर्यंत घ्या" म्हटलं तर उत्तर द्यावंच लागतं. पैसा कुठून, असा प्रश्न येईल. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. यंदा ते कशावर खर्च झाले, एवढं शांतपणे विचारा. इमारत, मदतनीस किंवा सेविकेच्या रिक्त जागेचा प्रश्न असेल, तर तो पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी द्या.

कधी बोलायचं?

ग्रामसभेआधी महिला सभा असते. तिथं आयांनी मागणी मांडली की ग्रामसभेत वजन येतं. २ ऑक्टोबरची ग्रामसभा त्यातही महत्त्वाची, कारण त्यानंतर टोळ्या बाहेर पडू लागतात. बोलणं संपल्यावर एक काम विसरू नका : विषय ठरावाच्या वहीत लिहून घेतला का, ते पाहा आणि ठरावाची नक्कल मागा. पुढच्या सभेत त्याच कागदावर बोट ठेवून विचारता येतं.