दुकानाचा सर्व्हर कोण सांभाळणार?

कसबा बावड्यात खते-बियाण्यांचे एक दुकान आहे, असे समजा. एक संगणक गल्ल्यावर, दुसरा गोदामात, तिसरा हिशेबनिसाकडे. गोदामातून ४० पोती बाहेर गेली, तरी गल्ल्यावरच्या यादीत ती शिल्लकच दिसतात. मग मालक ठरवतात की सगळी खाती एकाच संगणकावर ठेवायची आणि इतरांनी ती तिथूनच पाहायची. मागेल त्याला माहिती पुरवणाऱ्या अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात.

त्यावर कार्यप्रणाली कोणती घालावी? कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामधला कारभारी. कोणती फाइल कोणाला उघडू द्यायची, हे तो पाहतो. छोट्या व्यवसायापुढे मुख्यतः दोन पर्याय असतात. एक, मायक्रोसॉफ्टची विंडोज सर्व्हर. दुसरा, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सवर आधारलेल्या उबुंटू, डेबियन यांसारख्या प्रणाली. पहिलीला परवान्याचे पैसे पडतात, दुसऱ्या फुकट मिळतात. मग फुकटची घ्यावी, हे उघड नाही का? तसे नाही. आधी तीन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला: आपला प्रोग्राम कशावर चालतो? हिशेबाचे बरेच प्रोग्राम विंडोजसाठीच लिहिलेले असतात. असा प्रोग्राम सर्व्हरवरच चालवायचा असेल, तर निवड तिथेच संपते. नुसत्या फायली ठेवायच्या असतील, तर लिनक्सही चालते. ‘सांबा’ नावाच्या प्रोग्राममुळे विंडोजच्या संगणकांना त्या फायली सहज दिसतात.

दुसरा: बिघाड झाल्यास कोण येईल? लिनक्स जाणणारा माणूस जवळपास नसेल, तर वाचलेले पैसे दुकान बंद राहण्यात जातात.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात: दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील? प्रत्येक प्रणालीत नवनव्या फटी सापडतात. त्या बुजवणे थांबले, की घुसखोरांना दार उघडे. विंडोज सर्व्हर २०१२ च्या नेहमीच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबल्या. सेंटओएस ८ ही फुकट लिनक्स प्रणाली २०२९ पर्यंत सांभाळली जाईल, असे ठरले होते. डिसेंबर २०२० मध्ये तो बेत बदलला आणि ती २०२१ अखेरच बंद झाली. विसंबून राहिलेल्यांना आपला पसारा दुसरीकडे हलवावा लागला.

आणि बावडेकरांना सांगायला नकोच, अशी एक गोष्ट. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. बुडालेल्या सर्व्हरवर कोणती प्रणाली होती, याला अर्थ उरत नाही. म्हणून खात्यांची एक प्रत पुराच्या टप्प्याबाहेर ठेवावी आणि ती खरोखर उघडते ना, हे अधूनमधून पाहावे.

विद्यार्थ्यांनी गावातल्या एखाद्या दुकानात जाऊन हे तीन प्रश्न विचारावेत. चौथाही विचारावा: हा संगणक आज बंद पडला, तर उद्या सकाळी उधारीची वही कुठून काढाल?