जुनी डिझेल कॅरव्हॅन घेताय? मीटरवरचे किलोमीटर असे वाचा



कॅरव्हॅन भाड्याने देण्याच्या व्यवसायावर व्हिडिओ केला, त्यात जुनी गाडी निवडण्याचा भाग वेळेअभावी थोडक्यात आला. तो इथे सविस्तर लिहितोय. महाराष्ट्राचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून अनेकांच्या डोक्यात हा धंदा घोळतोय. नवी गाडी बांधून घेणं सगळ्यांना परवडत नाही. म्हणून ट्रॅव्हलर किंवा विंगरवर बांधलेली जुनी कॅरव्हॅन शोधली जाते आणि पहिला प्रश्न येतो, "किती फिरली आहे?"

आधी एक शब्द साफ करू. आपल्याकडे मायलेज म्हणजे "गाडी लिटरला किती देते". इथे मी बोलतोय ते एकूण रनिंगबद्दल, म्हणजे मीटरवर दिसणाऱ्या किलोमीटरबद्दल. आणि माझं म्हणणं सरळ आहे: कॅरव्हॅनच्या बाबतीत कमी रनिंग हा गुण धरून जास्त पैसे मोजू नका. ते किलोमीटर कसे झाले, हे आधी विचारा.

समजा तुमच्यासमोर दोन गाड्या आहेत. पहिली १२ वर्षांची, एकाच हौशी मालकाची, मीटरवर फक्त ३८,०००. दुसरी ६ वर्षांची, आधी कंपनीची स्टाफ बस होती, दीड वर्षापूर्वी तिची कॅरव्हॅन केली, मीटरवर १,६०,०००. दहातले आठ जण पहिलीकडे धावतात. "अहो, गाडी वापरलीच नाही!" असं एजंटही सांगतो.

आता तास मोजू. रस्त्यावरचा सरासरी वेग ताशी ४५ किलोमीटर धरला, तर पहिलीचं इंजिन चालून साधारण ८४५ तास झाले. पण हौशी मालक वर्षाला ४० रात्री गाडीत मुक्काम करायचा आणि एसी चालावा म्हणून रोज ५ तास इंजिन जागेवर चालू ठेवायचा असं धरा. वर्षाला २०० तास, १२ वर्षांत २,४००. एकूण सव्वातीन हजारांच्या आसपास. दुसरीचे १,६०,००० किलोमीटर त्याच वेगाने साडेतीन हजार तासांचे होतात. म्हणजे मीटरवर चौपट फरक, पण इंजिनाच्या झिजेत तेवढा फरक नाही. उलट जागेवर चालणारं डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही, काजळी धरतं आणि त्याचं ऑइल लवकर खराब होतं.

म्हणून मालकाला विचारा, "मुक्कामाला एसी कशावर चालवायचात?" गाडीत वेगळा जनरेटर असेल तर त्यावर बहुतेक तासांचा मीटर असतो, तो बघा. जनरेटर नाही, बाहेरून वीज घ्यायची सोय नाही, बॅटरी बँक छोटी आहे, आणि तरी मालक म्हणतो इंजिन कधी जागेवर चालवलं नाही? मग उन्हाळ्यात ते झोपायचे कसे, हे विचारायला लाजू नका. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा, कारण सायलेन्सरमधल्या डीपीएफ फिल्टरची काजळी जळायला हायवेवरची लांब धाव लागते. जागेवर चालणाऱ्या गाडीत तो तुंबतो, आणि तो बदलणं स्वस्त नसतं.

उभ्या गाडीचं दुखणं वेगळंच. अर्ध्या रिकाम्या टाकीत ओल धरते, डिझेलमध्ये पाणी उतरतं, मग पंप आणि इंजेक्टर खराब होतात. सील आणि होसपाइप कडक होतात. तारकर्ली-गुहागरच्या बाजूला उघड्यावर उभी असेल तर खारा वारा चॅसिस खातो, म्हणून खाली वाकून, टॉर्च लावून बघा. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात बेल्ट बदलायची मुदत किलोमीटर आणि वर्षं, दोन्हींत दिलेली असते. जे आधी होईल ते. टायरवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. खाचा भरपूर आहेत पण टायर सात-आठ वर्षांचा आहे, तर तो वजनदार कॅरव्हॅनला चालवायचा नाही. बदलायचाच, आणि तो खर्च किमतीतून वजा करायला सांगायचा.

आता मीटर खरा आहे का? डिजिटल मीटर मागे फिरवता येतो, आणि फिरवतातही. त्यामुळे एका पुराव्यावर थांबू नका. सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक बिलावर त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले असतात, ती बिलं तारखेच्या क्रमाने लावा. टायर आणि बॅटरीची बिलं मागा. मालकाला फास्टॅगचं स्टेटमेंट काढायला सांगा. दर महिन्याला पुणे-मुंबई टोल कापला गेलाय आणि मीटर म्हणतो वर्षाला ३,०००, तर हिशेब जुळत नाही. मेकॅनिकने स्कॅनर लावला तर काही गाड्यांत इंजिनच्या कंट्रोल युनिटमधले किलोमीटर किंवा तास वेगळे वाचता येतात. शिवाय क्लचचा पेडल, स्टेअरिंग, ड्रायव्हर सीटची कड बघा. ३८,००० मध्ये पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका. बॉनेटला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिनाचं काहीतरी लपवायचं होतं असं समजा. सुरू केल्यावर निळा धूर टिकून राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. ऑइलचं झाकण उघडल्यावर जोरात वाफा आल्या तर आतली झीज झालेली आहे. शक्य असेल तर एखादा घाट चढवून बघा, सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात.

आता धंद्याचा हिशेब. गाडी किती फिरली, त्यापेक्षा तुमच्याकडे अजून किती फिरणार, हे मांडा. तुमचं रनिंग वर्षाला २०,००० धरू. पहिली गाडी ११ लाखांना, सुरुवातीचं काम २ लाखांचं. तीन वर्षांत ती १५ वर्षांची होईल, पुढे फिटनेसची फी आणि कटकट दोन्ही वाढतात, म्हणून तेव्हा ४ लाखांना विकली. ९ लाख भागिले ६०,००० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला १५ रुपये. दुसरी १४ लाखांना, काम १ लाखाचं, पाच वर्षांनी ५ लाखांना विकली. १० लाख भागिले १ लाख किलोमीटर, म्हणजे १० रुपये. डिझेल, विमा, ड्रायव्हर यात नाहीच. आकडे मी समजा म्हणून घेतलेत, तुम्ही तुमच्या भागातले घाला. कधी पहिलीच स्वस्त पडेल. पण हा कागद केल्याशिवाय टोकन देऊ नका.

स्टाफ बसवरून केलेल्या कॅरव्हॅनमध्ये मात्र एक गोष्ट नक्की तपासा: आरसीवर कॅरव्हॅनची नोंद झाली आहे का. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. आत पलंग आणि किचन, आणि आरसीवर अजून बस, अशी गाडी कितीही कमी फिरलेली असली तरी घेऊ नका. भाड्याने द्यायला तिची नोंदणी त्या वापरासाठी आहे का, हेही आरटीओत विचारून घ्या. त्याच वेळी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून फिटनेस आणि विम्याची तारीख बघा, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी हातात आल्यावरच उरलेले पैसे द्या.