सर्वांसाठी लोकल : दोन वर्षांचा मागोवा

२२ मार्च २०२०च्या मध्यरात्री कोरोनाच्या साथीमुळे मुंबईची लोकल बंद झाली. जुलै २००६च्या बॉम्बस्फोटांनंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी गाड्या धावत होत्या, त्यामुळे लोकल फार काळ थांबू शकते हे इथल्या माणसाच्या हिशेबातच नव्हतं. सुरुवातीला ३१ मार्चपर्यंत म्हणून सांगितलेली ही बंदी सामान्य प्रवाशासाठी १ फेब्रुवारी २०२१पर्यंत चालली. मधली ढिलाई, पुन्हा आवळलेले नियम, लसीची अट हे सगळं धरलं तर कोणालाही कधीही तिकीट काढून गाडीत बसता येईल असा दिवस उजाडायला एप्रिल २०२२ लागला. त्या दोन वर्षांत लोकलमध्ये कोण चढणार हे कसं ठरलं आणि प्रवाशांनी त्यासाठी काय काय केलं, याची नोंद नीट ठेवायला हवी. आकडे आणि आदेश सरकारी दप्तरात राहतील. प्रवाशांची बाजू मात्र कुठल्याच दप्तरात नाही.

पहिले तीन महिने शहर बेस्टने ओढलं. परिचारिका, सफाई कामगार, पोलीस यांना विरार, बदलापूर, पनवेलहून आणायचं काम बेस्टच्या आणि एसटीच्या गाड्यांनी केलं. चालक-वाहकांना संसर्ग झाला, काहींचा जीव गेला, तरी गाड्या सुटत राहिल्या. पुढे राज्यभरातल्या आगारांतून एसटीच्या गाड्या आणि कर्मचारी मुंबईत बोलावले गेले. ज्यांनी उभ्या आयुष्यात अंधेरीचा रस्ता पाहिला नव्हता, असे चालक अनोळखी शहरात गाडी हाकत होते. त्या कर्मचाऱ्यांचं ऋण या शहराने कधी मोकळेपणी मान्य केलं नाही, याची मला खंत वाटते.

१५ जून २०२०ला अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी लोकल सुरू झाली. मध्य रेल्वेवर २०० आणि पश्चिम रेल्वेवर १४६ फेऱ्या. बाराशे माणसांच्या गाडीत सातशेच बसवायची, असं ठरलं. एकाआड एक आसनावर फुलीचे स्टिकर लागले. स्टेशनच्या एकाच दारावर पोलीस आणि टीसी ओळखपत्र तपासू लागले. जुलैपासून फेऱ्या ७००वर गेल्या आणि केंद्र सरकारी कर्मचारी, राष्ट्रीयीकृत बँका असे आणखी गट आत आले. साथीच्या पहिल्या महिन्यांत हे सगळं योग्यच होतं. ऐंशी लाखांच्या आसपास माणसं रोज ज्या डब्यांत एकमेकांना चिकटून उभी राहत होती, ते डबे विषाणूसाठी मोकळं रान ठरले असते.

प्रश्न उभा राहिला तो कामाची ठिकाणं उघडू लागली तेव्हा. दुकानं उघडली, खासगी कार्यालयांत आधी दहा टक्के, मग तीस टक्के माणसं येऊ लागली. मालकाने कामावर बोलावलं आणि सरकारने गाडीत चढू दिलं नाही, अशा दोन हुकमांच्या मध्ये माणूस सापडला. २२ जुलै २०२०ला नालासोपाऱ्यात याचा स्फोट झाला. एसटीने जाणाऱ्यांना आगारात गाडी मिळाली नाही, तेव्हा ते थेट स्टेशनात घुसले आणि रुळांवर उतरले. त्या गर्दीकडे बेशिस्त म्हणून पाहिलं गेलं. पण त्यांचा हिशेब साधा होता. आज गेलो नाही तर रोज बुडेल आणि चार दिवस गेलो नाही तर नोकरी.

पैसे असलेल्यांनी दुचाकी घेतल्या, चौघांनी मिळून गाडी ठरवली. बाकीचे बससाठी पहाटेपासून रांगेत. कल्याण-शीळ रस्ता, मुलुंड आणि दहिसरचे टोलनाके तासन् तास तुंबलेले. जिथे डोंबिवलीहून फास्ट गाडीने सव्वा तासात पोहोचायचं, तिथे एका बाजूला तीन-साडेतीन तास जाऊ लागले. मार्च २०२१पासून रिक्षाचं किमान भाडं १८वरून २१ रुपये झालं आणि मेअखेर मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. घर दूर असेल तितका हा भुर्दंड जास्त, आणि शहरात घर परवडत नाही म्हणूनच तर माणसं दूर गेलेली.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२०मध्ये एकेक गट आपापली बाजू मांडून आत शिरत होता. वकिलांनी उच्च न्यायालयात याचिका केली आणि प्रत्यक्ष सुनावणीसाठी जाणाऱ्यांना प्रायोगिक तत्त्वावर परवानगी मिळाली. खासगी आणि सहकारी बँकांचे मर्यादित कर्मचारी, कर्करोगाचे रुग्ण, दिव्यांग प्रवासी, डबेवाले असे एकामागून एक आले. मनसेच्या कार्यकर्त्यांनी २१ सप्टेंबरला नियम मोडून लोकलने प्रवास केला आणि अटक ओढवून घेतली. ज्याच्यामागे संघटना, वकील किंवा पक्ष होता, त्याचं म्हणणं ऐकलं गेलं. पण विक्रोळीच्या गाळ्यात काम करणारा हेल्पर, दादरच्या दुकानातला सेल्समन, ठाण्याहून भायखळ्याला स्वयंपाकाला जाणारी बाई यांच्या वतीने न्यायालयात कोण उभं राहणार?

ते काम प्रवासी संघटनांनी आपापल्या परीने केलं. उपनगरीय रेल्वे प्रवासी एकता महासंघ, कल्याण-कसारा-कर्जत मार्गावरच्या आणि महिला प्रवाशांच्या संघटना वर्षानुवर्षं फेऱ्या, पादचारी पूल, स्वच्छतागृहं यांसाठी निवेदनं देत आल्या आहेत. त्यातले बहुतेक पदाधिकारी स्वतः नोकरी करणारे किंवा निवृत्त प्रवासी. साथीत त्यांनी दोन गोष्टी लावून धरल्या. अत्यावश्यक कर्मचाऱ्यांच्याच गर्दीने सातशेची मर्यादा कधीच मोडली आहे, तेव्हा आधी फेऱ्या वाढवा. आणि कार्यालयांच्या वेळा बदला, म्हणजे सगळ्यांना एकाच तासात गाडी धरावी लागणार नाही. दोन्ही मागण्या जबाबदार होत्या. ‘सगळं एकदम उघडा’ असं त्या म्हणत नव्हत्या.

महिलांच्या परवानगीचा प्रसंग तर या सगळ्या कारभाराचा नमुना आहे. राज्य सरकारने १६ ऑक्टोबर २०२०ला रेल्वेला पत्र पाठवलं की उद्यापासून, म्हणजे घटस्थापनेपासून, सर्व महिलांना ठरावीक वेळांत प्रवास करू द्या. रेल्वेने उत्तर दिलं की एवढ्या महिला किती, त्यांची व्यवस्था कशी, हे आधी ठरवावं लागेल. चार दिवस पत्रापत्री झाली. शेवटी २१ ऑक्टोबरपासून सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर महिलांना मुभा मिळाली. बातमी ऐकून स्टेशनवर आलेल्या बायकांना मधल्या दिवसांत दारावरून परतावं लागलं. त्या घोळात राज्याचा दोष किती आणि रेल्वेचा किती, यावर तेव्हा बरंच राजकारण झालं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की दोन्ही कार्यालयांतल्या कुणीच रोज गाडीने जाणाऱ्या बाईला विचारलं नाही की तुझं काम किती वाजता सुरू होतं. धुणीभांडी करणाऱ्या बाईची पहिली घरं सकाळी सात-आठला असतात. अकराची गाडी तिच्या काय कामाची?

हीच चूक फेब्रुवारीत मोठ्या प्रमाणावर झाली. जानेवारी २०२१च्या अखेरीस रेल्वे ३,१४१पैकी २,९८५ फेऱ्या चालवत होती, म्हणजे गाड्या जवळपास पूर्ण होत्या. १ फेब्रुवारीपासून सर्वांना प्रवेश मिळाला, पण पहिल्या गाडीपासून सकाळी ७पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. बदलापूरच्या माणसाने पावणेसातची गाडी धरली तर तो साडेआठच्या आत सीएसएमटीला. त्याचं ऑफिस दहाचं. त्या काळात सकाळी फोर्टात बंद शटरच्या पायऱ्यांवर डबा मांडीवर घेऊन बसलेली माणसं दिसायची. कुणी मोबाईलवर, कुणी भिंतीला टेकून डुलकी घेत. संध्याकाळी सहाला सुटलं की नऊपर्यंत पुन्हा तेच. घरी पोहोचायला अकरा आणि पहाटे पाचला पुन्हा उठायचं. कागदावर लोकल सर्वांसाठी खुली होती. गर्दी टाळायची तर कार्यालयांच्या वेळा हलवायला हव्या होत्या, आणि ते सरकारच्या हातात होतं. त्याऐवजी माणसांची झोप हलवली गेली.

दुसऱ्या लाटेत, २२ एप्रिल २०२१च्या रात्रीपासून, सामान्य प्रवासी पुन्हा बाहेर गेला. त्या आठवड्यांत रुग्णालयांची जी अवस्था होती, ती पाहता त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या लसीच्या अटीबद्दल. १५ ऑगस्टपासून दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना प्रवास करता येईल, असं तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केलं. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण महाराष्ट्रात १८ ते ४४ वयोगटाचं सरकारी केंद्रांवरचं लसीकरण मे महिन्यात तुटवड्यामुळे थांबवलं होतं आणि अठरा वर्षांवरच्या सर्वांसाठी ते जूनच्या उत्तरार्धात सुरू झालं. कोविशील्डच्या दोन मात्रांत किमान ८४ दिवसांचं अंतर. म्हणजे जूनअखेर सरकारी केंद्रावर पहिली मात्रा मिळालेल्या पंचविशीतल्या कामगाराला सप्टेंबर संपेपर्यंत लोकल बंदच. खासगी रुग्णालयात पैसे मोजून ज्याने मेमध्येच लस मिळवली, तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गाडीत बसला. त्यातही सुरुवातीला फक्त मासिक पास मिळे, एका फेरीचं तिकीट नाही. आठवड्यातून दोनदा काम मिळणाऱ्या मजुराने महिन्याचा पास काढायचा. रोजचं तिकीट ऑक्टोबर संपता संपता सुरू झालं. लस घ्यायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सरकार जी लस वेळेवर पुरवू शकलं नाही, तिच्या अभावाची शिक्षा प्रवाशाला देणं अन्यायाचं होतं. पुढे फेब्रुवारी २०२२मध्ये उच्च न्यायालयानेही या अटीचे आदेश काढण्याच्या पद्धतीवर ताशेरे ओढले. एप्रिलमध्ये गुढीपाडव्याला सगळे निर्बंध उठले.

साथ ओसरली, पण प्रवाशाला न विचारता ठरवायची सवय राहिली. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झाली. नव्या ३६ फेऱ्यांपैकी ३४ वातानुकूलित. ऑगस्टमध्ये आणखी दहा साध्या फेऱ्यांच्या जागी एसी गाड्या आल्या, तेव्हा कळव्याला प्रवाशांनी गाडी अडवली, बदलापूरला स्टेशन मास्तरांच्या कार्यालयासमोर गर्दी केली आणि २५ ऑगस्टपासून मध्य रेल्वेने त्या दहा फेऱ्या मागे घेतल्या. कार्यालयांच्या वेळा बदलण्याची सूचना घेऊन मध्य रेल्वे शेवटी २०२३मध्ये शेकडो आस्थापनांकडे गेली आणि नोव्हेंबरपासून स्वतःच्या मुंबई विभागीय कार्यालयात तिने दोन पाळ्या सुरू केल्या. प्रवासी संघटना २०२०मध्ये हेच सांगत होत्या.

रेल्वेच्या प्रवासी सल्लागार समित्या आहेत, पण त्यांचा सल्ला बंधनकारक नाही. राज्याच्या आपत्ती व्यवस्थापनाने लोकलबद्दलचे निर्णय घेतले तेव्हा प्रवाशांचा प्रतिनिधी टेबलापाशी नव्हता. पुढची साथ, पुढचा पूर किंवा पुढचा मोठा ब्लॉक येण्याआधी एवढं तरी व्हावं : लोकल बंद करण्याचा, तिच्या वेळा ठरवण्याचा किंवा कुणाला वगळण्याचा निर्णय जिथे होईल, तिथे प्रवासी संघटनांना आणि घरकामगारांच्या संघटनांना अधिकाराने बसता यावं आणि तशी तरतूद लेखी व्हावी. तुमच्या स्टेशनवर प्रवासी संघटना असेल तर तिचे सभासद व्हा, आणि आपल्या आमदार-खासदारांना भेटाल तेव्हा ही मागणी लेखी द्या.