प्रेमकथेतला जमाखर्च

प्रेमाच्या कादंबऱ्या या विषयावर कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. इंग्रजी आम्ही शिकलो ते करारांचे मसुदे आणि न्यायाधिकरणांचे निवाडे समजावेत म्हणून, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्याच शब्दकोशाच्या आधाराने पुढे काही इंग्रजी कादंबऱ्याही वाचल्या. बरीचशी वर्षे पगारपत्रके तपासण्यात गेल्यामुळे असेल, पण पुस्तक कोणतेही असो, आमची नजर आधी आकड्यांकडे जाते. लहान गावातली चार घरे, लग्नाच्या मुली, गैरसमज, रुसवेफुगवे आणि शेवटी अक्षता, अशी जी कादंबरी 'बायकांचे वाचन' म्हणून बाजूला सारली जाते, तिच्यात आकड्यांची केवढी गर्दी असते हे पाहून आम्ही चकित झालो. आज त्या आकड्यांविषयीच बोलावयाचे आहे.

उदाहरणादाखल या जातीची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी घेऊ. जेन ऑस्टिन या बाईंची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' २८ जानेवारी १८१३ रोजी लंडनमध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाली. पुस्तकावर लेखिकेचे नाव नव्हते. तीन भागांची किंमत १८ शिलिंग होती. त्या काळी इंग्लंडातल्या शेतमजुराला आठवड्याला १० ते १५ शिलिंग मिळत. म्हणजे आठवडाभर राबूनही ज्याला हे पुस्तक विकत घेता आले नसते, अशा माणसांच्या देशात ते निघाले. मध्यमवर्गातले पुष्कळ लोकही असली पुस्तके वर्गणी भरून फिरत्या वाचनालयातूनच आणीत. आपल्याकडे नगर वाचनालयाच्या कपाटातून कादंबरी घरी नेण्याची जी रीत आहे, तीच ती.

आता कथा पाहा. हर्टफर्डशायर परगण्यात मेरिटन नावाचे एक लहान गाव. गावापासून मैलभरावर बेनेट कुटुंबाचे घर. बेनेटसाहेबांना पाच मुली, मुलगा नाही. मिळकतीचे उत्पन्न वर्षाला २००० पौंड. वरवर पाहता घर खातेपिते आणि सुखवस्तू. पण त्या मिळकतीवर एक बंधन आहे. ती फक्त पुरुष वारसाकडे जाणार. बापाला ती विकता येत नाही, मुलींच्या नावे करताही येत नाही. बेनेटसाहेबांचे डोळे मिटले की घर, जमीन, सारे कॉलिन्स नावाच्या एका दूरच्या चुलतभावाचे. बायको आणि पाच मुली यांच्यासाठी उरतात ते एकंदर ५००० पौंड.

पाच मुलींत वाटणी केली तर प्रत्येकीला १००० पौंड. हा हिशेब आमचा नाही, कादंबरीतलाच आहे, आणि तो कुणाच्या तोंडी घातला आहे ते पाहण्यासारखे आहे. हाच कॉलिन्स दुसऱ्या मुलीला, एलिझाबेथला, मागणी घालायला येतो. पैशाची आपल्याला फिकीर नाही असे सांगता सांगताच तो तिला ऐकवतो की, आईच्या मागे तुझ्या वाट्याला चार टक्के व्याजाचे १००० पौंड येतील, त्याहून अधिक काही नाही. हजारावर चार टक्के म्हणजे वर्षाला ४० पौंड. शेतमजुराची वर्षाची कमाई तीसेक पौंडांच्या आसपास होती. म्हणजे रेशमी झगे घालून नाचाला जाणारी ही मुलगी आणि शेतात राबणारा गडी यांच्यात अंतर होते ते बापाच्या श्वासाइतकेच.

हे ध्यानात घेतले म्हणजे बेनेटबाईंकडे पाहण्याची दृष्टी बदलते. मुलींची लग्ने, मुलींची लग्ने, असा घोष करणारी ही बाई वाचकांना हास्यास्पद वाटते. लेखिकेनेही तिला हास्यास्पद रंगवले आहे. पण घरातले खरे संकट तिला दिसते. बेनेटसाहेब विद्वान, विनोदी, पुस्तकांच्या खोलीत रमणारे. मुलगा होईल आणि तो मोठा झाला की बंधन उठवता येईल, या भरवशावर त्यांनी शिल्लक म्हणून टाकलीच नाही. मुलगा झाला नाही. आम्ही पुष्कळ घरे पाहिली आहेत. घरखर्चाला काय लागते हे बाईला तोंडपाठ असते आणि पगाराचे पाकीट उघडणारा मात्र राजकारणावर बोलत असतो. त्या बाईचा आवाज चढतो, आणि लोक म्हणतात, बाई कटकटी आहे.

गावात बिंगले नावाचा एक तरुण भाड्याने घर घेऊन येतो. तो आल्याबरोबर गावाला त्याचे नाव, रूप आणि उत्पन्न एकदमच कळते. वर्षाला ४००० ते ५००० पौंड. त्याच्या घराण्याचा पैसा व्यापारातून आलेला. त्याचा मित्र डार्सी, मोठा जमीनदार, वर्षाला १०,००० पौंड. वरच्याच हिशेबाने पाहिले तर डार्सीचे उत्पन्न तीनशेहून अधिक शेतमजुरांच्या कमाईएवढे होते. हे ऐकून आपण हसू नये. आपल्या गावात स्थळ सांगून आले म्हणजे पहिला प्रश्न कोणता विचारतात? मुलगा परमनंट आहे का? स्वतःचे घर आहे का? शेती किती, बागायत किती? कांदेपोह्यांच्या बशा पुढे येण्याआधीच हा जबाब घेऊन झालेला असतो. फरक इतकाच की आपण ते दबक्या आवाजात विचारतो आणि ऑस्टिनबाईंनी ते छापून टाकले.

या कादंबरीतली सर्वांत गंभीर व्यक्ती आमच्या मते एलिझाबेथची मैत्रीण शार्लट ही आहे. वय २७, रूप सामान्य, पैसा थोडा. एलिझाबेथने नाकारलेल्या त्याच कॉलिन्सशी ती लग्न करते. तो मूर्ख आहे हे तिला पक्के ठाऊक आहे. बहीण आता जन्मभर घरात राहत नाही, या विचाराने तिच्या भावांना हायसे वाटते, असे लेखिका एका वाक्यात सांगून पुढे जाते. शार्लटला प्रेम नको होते असे नाही. तिला डोक्यावर छप्पर हवे होते, आणि ते मिळवण्याचा दुसरा कोणताच रस्ता त्या समाजाने तिच्यासाठी ठेवला नव्हता. एलिझाबेथला तिचा राग येतो. आम्हांला येत नाही. बेकारांची रांग फाटकाबाहेर उभी असताना कमी मजुरीवर सही करणाऱ्या माणसाला आम्ही दोष देत नाही. रांग का लागली हे विचारतो.

दुसरा रस्ता नव्हता म्हणजे काय, हे याच लेखिकेच्या 'एमा' या कादंबरीत दिसते. ती १८१५ च्या डिसेंबरात बाहेर आली. तिच्यात जेन फेअरफॅक्स ही शिकलेली, गुणी, पण निर्धन मुलगी आहे. लग्न झाले नाही तर श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकवण्याची नोकरी धरणे, एवढेच तिच्या हाती होते. अशा नोकऱ्या मिळवून देणाऱ्या कचेऱ्यांची तुलना ती गुलामांच्या व्यापाराशी करते. ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला तो १८०७ साली, म्हणजे आठच वर्षांपूर्वी. तुलना सहज सुचलेली नव्हे.

लेखिकेच्या स्वतःच्या आयुष्याचा जमाखर्चही याहून निराळा नव्हता. त्या धर्मोपदेशकाच्या कन्या, जन्म १६ डिसेंबर १७७५. डिसेंबर १८०२ मध्ये हॅरिस बिग-विदर या मोठ्या मिळकतीच्या वारसाने त्यांना मागणी घातली. त्यांनी रात्री होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत घेतला. त्या वेळी त्यांना सत्तावीस वर्षे पुरी व्हायला दोनच आठवडे होते. शार्लटचे वय आणि हे वय वाचकाने शेजारी शेजारी ठेवून पाहावे. १८०५ साली वडील वारले. मग आई आणि दोघी अविवाहित बहिणी यांचा निर्वाह बराचसा भावांच्या मदतीवर चालला. १८०९ साली चॉटन गावी एक लहानसे घर मिळाले तेही भावाकडून. तो भाऊ श्रीमंत नातलगांना दत्तक गेलेला होता. त्या घरात बसून त्यांनी आपल्या कादंबऱ्या छापण्याजोग्या केल्या. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे सर्व हक्क त्यांनी प्रकाशकाला ११० पौंडांना विकले. त्यांनी १५० मागितले होते. पुढे पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या, त्यातली दमडीही त्यांना मिळाली नाही. एकरकमी सौद्यात काम करणाऱ्याचे काय होते, हे आम्ही येथे वेगळे सांगत नाही. १८ जुलै १८१७ रोजी, ४१ व्या वर्षी, त्या वारल्या. लेखिका म्हणून त्यांचे नाव छापील स्वरूपात जगापुढे आले ते त्यानंतर.

आमच्या चळवळीतले तरुण सहकारी येथे एक हरकत घेतात. ते म्हणतात, हा काळ कोणता होता? इंग्लंडात १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी कामगार संघटनांना बंदी होती. १८१२ साली यंत्रमोडीला फाशीची शिक्षा ठरवणारा कायदा झाला. हे पुस्तक बाहेर पडले त्याच जानेवारी महिन्यात, त्याच्या थोडे आधी, यॉर्क येथे यंत्रमोडीच्या चळवळीशी निगडित खटल्यांत १७ जणांना फाशी दिली गेली. आणि ही बाई नाच नि चहापान रंगवीत बसली!

हरकत खोटी नाही, पण पुरती खरीही नाही. मेरिटन गावात पलटणीची छावणी पडली आहे, आणि घरातल्या धाकट्या मुली लाल डगल्यांवर भाळल्या आहेत. एके दिवशी त्या गावची बातमी आणतात: अधिकारी मावशीच्या यजमानांकडे जेवले, एका शिपायाला फटक्यांची शिक्षा झाली, आणि कर्नलचे लग्न ठरण्याचा रंग आहे. जेवण, फटके, लग्न, सारे एका दमात. शिपायाचे नाव नाही, गुन्हा नाही. दोन शब्दांत तो येतो आणि जातो. त्या घरात फटक्यांची बातमी जेवणाच्या बातमीएवढीच हलकी होती, हे दाखवायला याहून अधिक शब्द लागत नाहीत. मात्र डार्सी हा उत्तम मालक आहे असे प्रशस्तिपत्र त्याची घरव्यवस्थापक बाई देते आणि ते ऐकून एलिझाबेथचे मन वळू लागते, तेथे आम्ही थोडे सावध होतो. मालकाच्या दिवाणखान्यात उभे राहून नोकराने दिलेल्या साक्षीला किती वजन द्यायचे, हे आमच्या धंद्यात लवकर कळते.

आता आपल्याकडे वळू. आपल्या मराठी कादंबरीचा आरंभ असा प्रेमाच्या शोधाने झाला नाही, आणि त्याचेही कारण आहे. प्रेमाचा शोध घ्यायला वयात आलेली, अविवाहित, चार शब्द बोलू शकणारी मुलगी लागते. आपल्या पांढरपेशा घरांत मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी उरकली जात. म्हणून बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७) विधवांच्या दुःखाविषयी बोलते, आणि हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' मधली यमू सासरचे हाल सांगते. इंग्रजी कादंबरी लग्नाशी संपते, आपली लग्नानंतर सुरू होत असे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय किमान १४ केले. मुली शाळा-कॉलेजांत जाऊ लागल्या, आणि त्याच सुमारास फडक्यांच्या प्रेमकथांना तरुण वाचकांची गर्दी झाली. पाठोपाठ १९३३ साली विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहाने शिकलेल्या अविवाहित मुलीची कोंडी उघड्यावर मांडली, तेव्हा गावोगाव वादळ उठले. कायदा, शाळा आणि पगार यांनी आधी जागा करून दिली, मग प्रेमकथा तेथे राहायला आली.

आणि मिळकतीचे काय? बेनेटांच्या मुलींना कायद्यानेच घराबाहेर ठेवले होते. आपल्याकडे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ साली केंद्राने तो हक्क सर्व मुलींना दिला, आणि २००५ साली बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. कायदा येथवर आला. पण बाप गेला की पुढे काय होते, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. दिवसकार्य आटोपते. भाऊ म्हणतो, ताई, एक सही लागते. हक्कसोडपत्र तयार असते. ताई सही करते, साडीचोळी घेते, सातबाऱ्यावरून तिचे नाव जाते. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही तिची भीती. माहेरचे प्रेम हीच तिला मोबदल्यात दिलेली रक्कम.

आम्ही विडी वळणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बायकांत पुष्कळ वर्षे काम केले. नवऱ्याने टाकलेली किंवा नवरा गेलेली बाई जेव्हा विचारते की, मी आता कुठे जाऊ, तेव्हा आम्ही तिला विचारतो, माहेरी काही आहे का? बहुधा उत्तर येते, होते, सही करून दिले. कॉलिन्सला निदान कायद्याचे पाठबळ होते. आपला भाऊ कायद्याविरुद्ध मागतो, आणि प्रेमाच्या नावाने मागतो.

म्हणून श्रोत्यांना आमची विनंती एवढीच. घरातल्या मुली प्रेमाच्या कादंबऱ्या वाचतात म्हणून त्यांना बोलू नका. पुरुषांनीही त्या वाचाव्यात, आणि वाचताना आकड्यांवरून उडी मारू नये. कोण कशावर जगतो, घर कुणाच्या नावावर आहे, नकार दिला तर मुलगी उद्या जेवणार कोठे, हे प्रश्न प्रत्येक पानावर विचारावेत. एलिझाबेथ कॉलिन्सला नाही म्हणू शकली आणि पुढे तिला डार्सी भेटला, हे कादंबरीचे भाग्य. प्रत्येक मुलीच्या वाट्याला डार्सी येत नाही. पण तिचा स्वतःचा पगार आणि बापाच्या मिळकतीतला तिचा वाटा तिच्या हाती राहिला, तर नाही म्हणण्याचे बळ तरी तिच्यापाशी राहील. आणि ज्या मुलीला नाही म्हणता येते, तिच्याच होकाराला प्रेम म्हणता येते.