हेक्टरातली बाग गॅलरीत

वाडा पाडला आणि आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. परसातली जास्वंद, अळू सगळं मागे राहिलं. सासूबाई अगदी अबोल झाल्या. त्यांच्यासाठी मी हौसेनं आठ गुलाब आणले. दोन महिन्यांत नुसत्या काड्या उरल्या!

मग पुस्तकं धुंडाळली. परदेशी चकचकीत पुस्तकात पेरणी बर्फ वितळल्यावर! आपल्याला काय उपयोग? शेवटी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’ हाती लागली. हिशोब सगळा हेक्टरी. पण हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. म्हणजे हेक्टरी १० टन शेणखत लिहिलं असेल, तर चौरस मीटरला एक किलो. झालं की सोपं! फुलझाडांशी गट्टी जमवायला डॉ. शरदिनी डहाणूकरांचं ‘फुलवा’ आहेच.

गुलाब का गेले, तेही कळलं. त्यांना पाच-सहा तास ऊन हवं; आमच्याकडे जेमतेम दोन. तेव्हा मैत्रिणींनो, आधी ऊन मोजा, मग पुस्तक उघडा, नर्सरी सगळ्यात शेवटी.

आता कुंड्यांत अळू आणि पुदिना आहे. काल सासूबाई म्हणाल्या, “मंडईतून अळू आणू नकोस गं, घरचं आहे.”