ठरलेली वाट आणि सोबतीची माणसे

व्हिडिओ गेमसारखा विषय या व्याख्यानमालेत कसा आला, असे आपल्याला वाटले असेल. त्याचे कारण आधी सांगतो.

आमच्या युनियनच्या कार्यालयात पाळी सुटल्यावर तरुण कामगार जमतात. एका संध्याकाळी बोनसची चर्चा संपली आणि दोघातिघांत असा वाद जुंपला की, पुन्हा पगारावरून काही बिनसले असे आम्हाला वाटले. वाद होता ‘फायनल फॅन्टसी’ या जपानी खेळमालिकेविषयी. एक म्हणे, तिच्यात गोष्ट आहे, माणसे आहेत. दुसरा म्हणे, असतील. पण खेळणाऱ्याला वेसण घालून ओढत नेतात, त्याला काय अर्थ? ही वेसण आमच्या मनाला लागली. का, ते शेवटी सांगू. पुढे महिनोन्‌महिने त्या पोरांच्या शेजारी बसून आम्ही हे खेळ पाहिले, थोडे खेळलोही.

प्रथम हा प्रकार काय ते पाहू. यात खेळणारा एखाद्या पात्राची किंवा टोळीची भूमिका घेतो. त्यांच्यासह तो गावे हिंडतो, लढतो, बळ वाढवतो आणि एक मोठी कथा शेवटास नेतो. हिरोनोबू साकागुची यांनी स्क्वेअर या कंपनीत या मालिकेचा पहिला खेळ केला. तो 1987 च्या डिसेंबरात आला. 2023 साली सोळावा भाग निघाला. प्रत्येक भागात बहुधा जग नवे, माणसे नवी. म्हणूनच कोणता भाग सरस, हा वाद कधी मिटत नाही.

पहिल्या खेळात चार वीर होते. सहा पेशांतून चौघांचे पेशे आपण ठरवायचे आणि नावेही आपणच द्यायची. स्वातंत्र्य होते, पण त्या चौघांना स्वतःचे बोलणे जवळजवळ नव्हते. 1991 सालच्या चौथ्या भागात हे पालटले. पात्रे लेखकाने ठरवली. त्यांना भूतकाळ, अपराध, प्रेम आले. पण माणूस ठरला की त्याचे वागणेही बरेचसे ठरते, आणि खेळणाऱ्याची मर्जी तेवढी आखडते. वादाचे मूळ येथे आहे.

1997 सालच्या सातव्या भागात एरिथ नावाची मुलगी मध्येच मारली जाते. खेळणाऱ्याने तिला जपलेले असते, तिचे बळ वाढवलेले असते. तरी तिला वाचवण्याचा कोणताही मार्ग ठेवलेला नाही. निवड दिली असती तर प्रत्येकाने तिला वाचवले असते आणि मरण म्हणजे काय, हे त्या खेळात कोणालाच कळले नसते. तेव्हा ठरलेली वाट हा दोषच आहे, असे नव्हे.

मग 2009 सालच्या तेराव्या भागावर एवढी टीका का झाली? त्यात दहा प्रकरणे बहुतांशी बोळांतून सरळ पुढे जायचे. मोकळे मैदान लागते ते अकराव्या प्रकरणात. पण 2001 सालचा दहावा भागही जवळजवळ असाच सरळ आहे, आणि तो लोकांना प्रिय आहे. आमच्या मते फरक वाटेच्या कडेला आहे. दहाव्या भागातली युना यात्रेला निघाली आहे. मंदिरामागून मंदिर करीत ती स्वतःच्या मरणाकडे चालली आहे, आणि वाटेत गावे लागतात, माणसे भेटतात, बोलतात. यात्रेची वाट एकच असणार. आणि ती संपत आली असता तिचे सोबती तो ठरलेला शेवटच नाकारतात. तेराव्या भागात पात्रे जीव घेऊन पळत असतात, त्यामुळे वाट अरुंद असण्याला कारण आहे. पण थांबून कोणाशी चार शब्द बोलावे अशी गावे जवळजवळ नाहीत. उलट 2016 सालच्या पंधराव्या भागात मोटारीतून हवे तिकडे भटकता येते. पुढे कथा आगगाडीत बसते आणि घाईने शेवट गाठते. नुसते मैदान मोकळे केल्याने कथा मोकळी होत नाही, हे त्यावरून दिसते.

आमच्या मते या वादाचे उत्तर 1994 सालच्या सहाव्या भागात आहे. त्यात 14 सोबती मिळू शकतात. मध्यावर जगच उद्ध्वस्त होते, सारे पांगतात. पुढे तिघे जमले आणि उडते जहाज मिळाले की थेट शेवटच्या लढाईला जाता येते. उरलेल्यांना शोधण्याची सक्ती नाही. तरी खेळणारा त्यांना हुडकत हिंडतो, कारण आधीच्या ठरलेल्या वाटेवर त्यांची ओळख झालेली असते. त्या प्रलयाच्या आधी एक प्रसंग आहे. घड्याळ उलटे धावत असते, पळण्यासाठी जहाज खाली तयार असते आणि शॅडो हा सोबती मागे राहिलेला असतो. उडी घेतली तर तो कायमचा गेला. शेवटच्या काही सेकंदांपर्यंत थांबलात तर तो येतो. सारी वाट ठरलेली असताना थांबणे तेवढे आपल्या हाती ठेवले आहे.

आता ती वेसण. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही संप पुकारला. निर्णय आम्ही चौघांनी आदल्या रात्रीच केला होता. द्वारसभेत भाषण झाले, “हात वर करा” म्हटले, सारे हात वर आले. विसाव्या दिवसापासून मागच्या रांगेतली माणसे एकेक करून कामावर जाऊ लागली. आम्ही त्यांना फितूर म्हटले. त्यातला एक वयस्क कामगार म्हणाला, “भाऊ, तुम्ही हात मागितलात, तो दिला. मत कधी विचारलंत?”

त्या प्रश्नाला आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. संप करू नये, असे त्याचेही म्हणणे नव्हते. वाट कदाचित तीच ठरली असती. पण आम्ही त्यांना बोळातून नेले, कोठे थांबलो नाही, मागे कोण राहिले ते पाहिले नाही.

म्हणून त्या पोरांना आम्ही एवढेच सांगितले: खेळात वाटा किती आहेत ते मोजू नका, वाटेत माणसे भेटतात का आणि त्यांच्यासाठी थांबता येते का, ते पाहा. आता द्वारसभेत हात मागण्यापूर्वी आम्ही मागच्या रांगेत जाऊन बसतो. सभा लांबते, पण हात खरे वर येतात.