तसबीर भिंतीवर, मूळ फोटो पेटीत

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, आणि आगगाडी कल्याणला आली तीही त्याच वर्षी. पुढच्याच वर्षी रूळ वाशिंदपर्यंत गेले. आजचे खडवली त्याच टप्प्यावर, भातसा नदीच्या काठी आहे. फोटो मात्र गाडीइतक्या लवकर गावोगाव पोचला नाही. घराघरांत भिंतीवर चौकट लावायची सवय आधी देवादिकांच्या छापील चित्रांनी लावली. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांत लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तिथली चित्रे काचेआड बसू लागली, काही घरांत त्यांतल्या लक्ष्मी-सरस्वतींना खऱ्या कापडाची आणि जरीची वस्त्रेही चढली. घरातली गेलेली माणसे पुढे त्याच ओळीत जाऊन बसली. वर काच, आत फोटो, मागे पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड, चार खिळे आणि कडेने खळीने चिकटवलेला कागद, अशी ही तसबीर आजही बहुतेक ठिकाणी जवळजवळ तशीच बनते. ती दिसते छान. पण आतल्या फोटोच्या मुळावर येते तीच, आणि खडवलीसारख्या पावसाळी, नदीकाठच्या गावात तर फारच लवकर.

जुन्या कृष्णधवल फोटोत चांदीचे कण जिलेटिनच्या पातळ थरात धरलेले असतात, आणि हे जिलेटिन बनते जनावरांच्या कातड्या-हाडांपासून. पावसाळ्यात ते दमट हवेतले पाणी पिते, फुगते आणि काचेला चिकटते. पुढे कोणी फोटो सोडवायला गेले, की चेहरा काचेवर राहतो आणि हातात कागद येतो. आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि कोकणपट्टीतला श्रावण त्याच्या कितीतरी वर असतो. हलक्या पुठ्ठ्यातले आम्ल कागद पिवळा करते, खिळे गंजतात, खळीच्या वासावर कसर येते. बाहेरच्या भिंतीला ओल आली की ती थेट पाठीतून शिरते. रंगीत फोटोची गत आणखी वाईट. त्याचे रंग उजेडाने उडतातच. पण १९७०-८० च्या दशकांतले पुष्कळ रंगीत फोटो बंद अल्बममध्येही तांबूस झाले आहेत, कारण त्यांतला निळा-हिरवा रंग अंधारातही विरत जातो. चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम त्या काळी मोठ्या हौसेने घेतले जात. फोटोंचे नुकसान करण्यात त्यांनी काही बाकी ठेवले नाही.

तेव्हा मांडणे आणि जपणे ही दोन कामे एकाच कागदाकडून करून घेऊ नयेत. मूळ फोटोची चांगली नक्कल काढावी, भिंतीवर ती लावावी आणि मूळ प्रत पेटीत ठेवावी. यावर पहिला आक्षेप भावनेचा येतो: आजोबांनी हाताळलेला फोटो तो आजोबांचा, नकलेला हार कसा घालायचा? पण ही सोय आपल्या देवळांनी केव्हाच केली आहे. मूळ मूर्ती गाभाऱ्यात राहते आणि पालखीत उत्सवमूर्ती बसते; म्हणून तिच्यापुढे कोणी कमी वाकत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातसुद्धा वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी थोड्याच मांडलेल्या असतात. शिवाय नकलेला स्वातंत्र्य असते. ती मोठी करता येते, गावातल्या आणि परदेशातल्या भावंडांना एकेक देता येते, ताज्या फुलांचा ओला हार पडला तरी जीव खालीवर होत नाही.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा: सगळे मोबाईलमध्ये आहे, पेटी कशाला? २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण-बदलापूर पट्ट्यातल्या घरांत पाणी शिरले. अशा पुरात दूर कुठेतरी साठवलेली प्रत कामी येते, हे खरे. पण मोबाईल बिघडतो, पासवर्ड माणसाबरोबर जातो, आणि हजारो फोटोंच्या ढिगात पणजीचा एकुलता एक फोटो कोणी शोधत बसत नाही. म्हणून दोन्ही हवे. भिजलेल्या फोटोंचे तर वेगळेच शास्त्र आहे: एकमेकांना चिकटण्याआधी ते अलगद सुटे करावेत, स्वच्छ गार पाण्यात खळबळावेत आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवावेत; उन्हात नव्हे.

खर्चाचा आक्षेप फारसा टिकत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, धुतलेले सुती कापड, सिलिका जेलच्या पुड्या आणि पत्र्याखालच्या माळ्याऐवजी कपाटातला मधला कप्पा, एवढ्यात भागते. फोटोंखेरीज मुंडावळ्या, बंद पडलेले मनगटी घड्याळ किंवा लुगड्याचा काठ यांना काचेपासून अंतर राखणारी खोल चौकट लागते; ती आतल्या भिंतीवर, खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून टांगावी. आजीच्या हस्ताक्षरातल्या लोणच्याच्या कृतीची नक्कल स्वयंपाकघरात शोभते. विरलेल्या लुगड्याची गोधडी शिवणे ही आपली जुनी रीत सुंदर आहे, पण गोधडी वापरून विरणारच. म्हणून काठाचा एक तुकडा आधी बाजूला काढावा.

यांतले काहीच जमणार नसेल, तर निदान एक काम याच दिवाळीत, घरातली वडील माणसे एकत्र असताना करा. फोटो उलटा ठेवून कडेला मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नव्हे, डावीकडून उजवीकडे नावे, नाती, गाव आणि साल लिहून घ्या.